तुमच्या हजेरीत ‘फेरफार’ कोणी केला? ऑडिट ट्रेल म्हणजे काय आणि ती आत्ता का महत्त्वाची

काही वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये काम करायचो. शिफ्ट सकाळी ११ ते रात्री ८. एका महिन्यात काम जास्त होतं, रोज उशीर व्हायचा. माझ्या हिशेबाने ओव्हरटाइम १४ तास झाला होता. पगाराची स्लिप आली तेव्हा त्यात फक्त ६ तास होते.

एचआरकडे गेलो. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, “बघ, सिस्टिममध्ये असंच दिसतंय.” खरंच तसंच दिसत होतं. पाच दिवसांचा आउट पंच बरोब्बर ८ वाजता होता. एक मिनिट पुढे नाही, एक मिनिट मागे नाही. पाचही दिवस मी दीड तासाहून जास्त उशिरा निघालो होतो.

माझं नशीब असं, की रात्रीच्या कॅबसाठी आम्हाला पंचचा स्क्रीनशॉट पाठवावा लागायचा. ते पाचही स्क्रीनशॉट माझ्या व्हॉट्सॲपवर होते. ते दाखवल्यावर चौकशी सुरू झाली. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीकडून बदलांची यादी मागवली गेली. यादी आली, आणि पाचही बदलांसमोर एकच नाव होतं: ‘ॲडमिन’.

त्या ‘ॲडमिन’चा पासवर्ड ऑफिसातल्या चार जणांकडे होता.

पैसे मला दोन महिन्यांनी मिळाले. पण वेळ कोणी बदलली हे आजही कळलेलं नाही. माझा संशय टीम लीडवर होता. आमचं बोलणं तेव्हा बंद झालं ते कायमचंच. आज विचार करतो, तो माणूस निर्दोष असेल तर? नीट ठेवलेली एक नोंद असती, तर माझा पगार वाचला असता आणि कदाचित त्याचं नावही.

ही जुनी गोष्ट आज सांगायचं कारण म्हणजे कामाच्या तासांबद्दलचे कायदे आपल्याकडे अलीकडेच बदलले आहेत, आणि तुमची हजेरी आता बहुतेक करून तुमच्या मोबाइलमधूनच लागते. तेव्हा ‘ऑडिट ट्रेल’ हा कंटाळवाणा वाटणारा शब्द समजून घेऊ या.

आधी ओळखीचं उदाहरण: सातबारा

‘फेरफार’ या मराठी शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे गडबड करणं. दुसरा तलाठी कार्यालयातला. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. जमीन विकली, वारस लागले, कर्जाचा बोजा चढला, की सातबाऱ्यावर थेट नाव खोडून दुसरं लिहीत नाहीत. आधी फेरफाराची नोंद होते, तिला नंबर पडतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. जुनं नाव कंसात जातं, गायब होत नाही. फेरफार नंबर धरून मागे मागे गेलात, तर जमीन कोणाकडून कोणाकडे आली ते कळतं. आता तर ‘आपली चावडी’वर या नोटिसा मोबाइलवरही बघता येतात.

ऑडिट ट्रेल म्हणजे हेच. हजेरीचा फेरफार उतारा म्हणा हवं तर. मूळ नोंद काय होती, ती कोणी बदलली, कधी बदलली, का बदलली, याची न पुसता येणारी साखळी.

कागदी मस्टरलाही असाच नियम होता. जुन्या कारकुनांना विचारा. खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. चूक झाली तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. त्या एका रेघेत सगळी ऑडिट ट्रेल आली. मस्टर मोबाइलमध्ये गेलं आणि बऱ्याच ठिकाणी ती रेघ मागेच राहिली. स्क्रीनवर ९:४२ चे ८:०० झाले तर खालचं काही वाचता येत नाही.

तुमच्या फोनमध्येच तीन प्रकार आहेत

बदलाची नोंद किती खोल असते हे समजायला तीन ॲप बघा.

व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यावर १५ मिनिटांपर्यंत तो बदलता येतो. समोरच्याला ‘एडिटेड’ एवढंच दिसतं. बदल झाला हे कळतं, आधी काय लिहिलं होतं ते नाही.

गुगल शीट्समध्ये एखाद्या चौकटीचा इतिहास उघडला, तर आधीची किंमत, नवी किंमत, कोणी आणि कधी बदलली, सगळं दिसतं. पण बघायला त्या फाइलमध्ये बदल करायचा अधिकार हवा.

विकिपीडियावर प्रत्येक लेखाचा इतिहास कोणालाही उघडता येतो. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून कुठला शब्द बदलला तेही बघता येतं.

आता तुमचं हजेरीचं ॲप उघडा आणि स्वतःला विचारा: हे यातलं कुठलं? बऱ्याच ॲपमध्ये कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपएवढंही दिसत नाही. नुसता अंतिम आकडा दिसतो.

आत्ताच का? तीन बदल

पहिला बदल राज्यातला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कामाचे तास वाढवायला मंजुरी दिली. २० किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानं-आस्थापनांमध्ये दिवसाची मर्यादा ९ वरून १० तास, कारखान्यांमध्ये ९ वरून १२ तास. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादाही वाढवून १४४ तास केली. तास वाढवायचे की नाहीत हा वेगळा वाद. पण एक गोष्ट साधी आहे. दिवस जितका लांब आणि ओव्हरटाइम जितका जास्त, तितकी प्रत्येक पंचची किंमत जास्त.

दुसरा बदल देशपातळीवरचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यांच्यात सामावले गेले. त्यातल्या वेतन संहितेत तुमच्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. ज्यांना किमान वेतनाची तरतूद लागू आहे, त्यांना ओव्हरटाइमचे पैसे नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट मिळाले पाहिजेत. गैरहजेरीसाठी पगार कापायचा तर जितका वेळ गैरहजर त्याच प्रमाणात, जास्त नाही. आणि पैसे कमी मिळाल्याची तक्रार झाली, तर देणं दिलं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. तक्रारीची मुदत ३ वर्षांची आहे.

ही शेवटची गोष्ट पुन्हा वाचा. सिद्ध मालकाला करायचं आहे. म्हणजे बदलांची नोंद नीट ठेवण्यात कंपनीचाही स्वार्थ आहे. मुदत संपत आली असताना एखाद्याने दावा केला आणि कंपनीकडे फक्त ‘अंतिम आकडा’ असेल, तर तो आकडा आला कुठून हे ती कशी सांगणार?

तिसरा बदल डेटाचा. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. त्यात एक चांगली तरतूद आहे: तुमच्यावर परिणाम करणारा निर्णय ज्या माहितीवरून घेतला जाणार, ती माहिती पूर्ण आणि अचूक ठेवणं संस्थेचं काम आहे. पगार कापणं हा तसाच निर्णय.

पण एक मेख आहे. स्वतःची माहिती मागायचा आणि दुरुस्त करून घ्यायचा हक्क या कायद्यात मुख्यतः तुम्ही संमती देऊन दिलेल्या माहितीला जोडलेला आहे. नोकरीच्या कामासाठी माहिती वापरायला कंपनीला काही बाबतीत वेगळी संमती लागत नाही. त्यामुळे ‘कायदा आलाय, माझ्या हजेरीचा लॉग द्या’ असं म्हणून तो लगेच मिळेल, असं गृहीत धरू नका.

५०० रुपयांच्या व्हाउचरला नियम आहे, पंचला नाही

मला सगळ्यात जास्त खटकते ती पुढची गोष्ट. १ एप्रिल २०२३ पासून भारतातल्या कंपन्यांना हिशेबासाठी असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक व्यवहाराची ऑडिट ट्रेल राहते, प्रत्येक बदलाचा तारखेसकट ‘एडिट लॉग’ तयार होतो आणि ही सोय बंद करता येत नाही. नियम आधी २०२१ पासूनच लागू व्हायचा होता, दोनदा पुढे गेला. टॅलीने तर यासाठी ‘एडिट लॉग’ नावाची वेगळी आवृत्तीच आणली. लॉग वर्षभर चालू होता का, त्यात कोणी ढवळाढवळ केली का, यावर ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं.

म्हणजे चहापाण्याचं ५०० रुपयांचं व्हाउचर कोणी ४५० केलं, तर त्याची नोंद राहते. पण ज्या तासांवरून पगाराचा आकडा तयार होतो, ते तास हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये येण्याच्या एक पायरी आधीच बदलले जातात. हजेरीच्या ॲपमध्ये. तिथून पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘६ तास’ असा स्वच्छ आकडा येतो. पुढची ट्रेल निष्कलंक. ऑडिटर खूश.

नव्या संहितांनी हजेरी, वेतन यांच्या नोंदवह्या ठेवणं बंधनकारक केलं आहे, त्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही ठेवता येतात. पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरला आहे तसं ‘प्रत्येक बदलाचा लॉग ठेवा आणि तो बंद करता येऊ नये’ हे वाक्य संहितांच्या कलमांमध्ये हजेरीसाठी नाही. ते असायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. मसुदा नव्याने लिहायचीही गरज नाही. कंपन्यांच्या नियमातलं वाक्य आहेच, ते हजेरीलाही लावा.

बाहेरच्या देशांत काय झालं

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत १९४६ मध्ये मिशिगनमधल्या एका चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. माउंट क्लेमेन्स पॉटरी हे त्याचं नाव. वाद पंचिंग घड्याळ आणि प्रत्यक्ष कामाचा वेळ यांतल्या फरकाचा होता. न्यायालयाने तत्त्व सांगितलं: मालकाची नोंद अपुरी किंवा चुकीची असेल, तर त्याची शिक्षा कामगाराला नको. कामगाराने वाजवी अंदाज येईल एवढा पुरावा दिला, की तो खोडून काढायची जबाबदारी मालकाची. आपल्या वेतन संहितेतला सिद्ध करायच्या जबाबदारीचा मुद्दा याच अंगाने जातो.

२०१७ मध्ये एलिझाबेथ टिपेट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत वापरातली १३ हजेरी सॉफ्टवेअर तपासली. त्यांचा भर तीन गोष्टींवर होता: वेळ ‘राउंड’ करणं, जेवणाची सुट्टी आपोआप वजा करणं आणि वरिष्ठांना पंच बदलायची मुभा. यातल्या पहिल्या दोन गोष्टींत माणूस काही करतच नाही. सॉफ्टवेअरची सेटिंग करते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

युरोपात १४ मे २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने डॉइश बँकेच्या स्पेनमधल्या कंपनीविरुद्धच्या खटल्यात निकाल दिला. रोजचे कामाचे तास मोजायला वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि सहज बघता येणारी व्यवस्था मालकाने ठेवलीच पाहिजे, असं सांगितलं. स्पेनमध्ये त्याच महिन्यात रोजच्या तासांची नोंद सक्तीची झाली होती. ती ४ वर्षं जपायची आणि कामगारांना बघायला उपलब्ध ठेवायची.

आणि ट्रेल नीट नसली तर किती वाईट होऊ शकतं, याचं उदाहरण ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं. तिथली ‘होरायझन’ ही यंत्रणा हजेरीची नव्हती, हिशेबाची होती. पण दोष ओळखीचा आहे. सॉफ्टवेअरमधल्या चुकांमुळे शाखांच्या हिशेबात तूट दिसायची. ९०० हून जास्त लोकांना चोरी, अफरातफर अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. शाखेच्या खात्यात बाहेरून कोणी बदल करूच शकत नाही, असं पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं सांगत राहिलं. २०१९ च्या निकालात स्पष्ट झालं की फुजित्सुचे कर्मचारी दुरून, शाखा चालवणाऱ्याच्या नकळत बदल करू शकत होते. “सिस्टिममध्ये असंच दिसतंय” या एका वाक्यावर माणसं तुरुंगात गेली.

चांगली ट्रेल आतून कशी असते

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, सोपं आहे.

साध्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचा आउट पंच म्हणजे एक चौकट. तिच्यात २१:४२ होतं, कोणीतरी २०:०० टाकलं. जुना आकडा गेला. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये चौकट बदलतच नाहीत, खाली नवी ओळ जोडतात. अशी:

ओळ १: १२ तारीख, आउट पंच २१:४२, कर्मचाऱ्याच्या फोनवरून.
ओळ २: १३ तारीख, १०:१५ वाजता, आउट पंच २१:४२ ऐवजी २०:००, बदल करणारा कर्मचारी क्रमांक २१७, कारण ‘ओव्हरटाइम मंजूर नव्हता’.
ओळ ३: १३ तारीख, १०:१५ वाजता, कर्मचाऱ्याला सूचना पाठवली.

बघा, ओळ २ मधलं कारण कदाचित चुकीचं असेल. पण आता भांडायला काहीतरी ठोस आहे. मंजूर नव्हता तर मग त्या दिवशी कामाला थांबवलं कोणी? प्रश्न ‘तू खोटं बोलतोस’वरून ‘हे कारण बरोबर आहे का’वर आला.

यात पाच गोष्टी हव्यात.

एक, माणसाचं नाव. ‘ॲडमिन’ हे नाव नाही. चौघांचा एक लॉगिन म्हणजे ट्रेल असून नसल्यासारखी. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं.

दोन, जुनी आणि नवी दोन्ही किंमत, कारणासकट.

तीन, सर्व्हरची वेळ. फोनचं घड्याळ कोणीही मागेपुढे करू शकतं. नेटवर्क नसताना केलेला पंच नंतर सिंक होतो, तेव्हा फोनची वेळ आणि सर्व्हरला पोचल्याची वेळ दोन्ही जपायला हव्यात.

चार, सेटिंगच्या बदलांचीही नोंद. ‘१५ मिनिटांपर्यंतचा उशिरा निघालेला वेळ धरू नका’ असा नियम कोणी टाकला, तर एकही पंच न बदलता शंभर जणांचे तास कमी होतात. पंचचा लॉग स्वच्छच दिसेल. म्हणून नियम कोणी, कोणत्या तारखेपासून बदलला हेही ट्रेलमध्ये हवं. टिपेट यांच्या अभ्यासातला मुद्दा हाच.

पाच, लॉगच कोणी बदलला तर? डेटाबेसचा ताबा असलेला माणूस मागच्या दाराने लॉगमधली ओळही बदलू शकतो. याला उपाय म्हणजे हॅश. हॅश म्हणजे माहितीचा अंगठा. एसएचए-२५६ या पद्धतीने कुठल्याही मजकुराचा ६४ अक्षर-अंकांचा ठसा निघतो, आणि मजकुरात एक अंक बदलला तरी पूर्ण ठसा बदलतो. प्रत्येक ओळीत आधीच्या ओळीचा ठसाही घालायचा. मग मधली तिसरी ओळ कोणी बदलली, की चौथीतला ठसा जुळत नाही आणि चोरी उघडी पडते.

पण हुशार चोर तिसरीपासून शेवटपर्यंत सगळेच ठसे नव्याने काढेल की! बरोबर. म्हणून साखळीचा एक तुकडा कंपनीच्या बाहेर असावा लागतो. तो कुठे ठेवायचा? उत्तर आपल्या घरात आहे.

आईचं कॅलेंडर

आमच्या घरी स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं. त्यावर आई दूधवाल्याचे आणि कामाच्या मावशींचे खाडे लिहिते. दूधवाल्याची स्वतःची वही असते. महिनाअखेरीला दोन्ही जुळवतात. फरक पडला तर बोलणं होतं, बहुतेक वेळा कोणीतरी विसरलेलं असतं, आणि विषय संपतो. दोघंही एकमेकांना चोर समजत नाहीत. कारण नोंदी दोन आहेत आणि दोन वेगळ्या हातांत आहेत.

हजेरीच्या ॲपने हेच करावं. रोज रात्री कर्मचाऱ्याला एक मेसेज किंवा ईमेल: आज इन अमुक, आउट तमुक. आणि नंतर काही बदललं तर लगेच दुसरा मेसेज. खर्च नगण्य आहे. तुमच्या इनबॉक्समध्ये पोचलेला तो मेसेज कंपनीचा कुठलाही ॲडमिन मागाहून बदलू शकत नाही. शंभर कर्मचाऱ्यांच्या फोनमध्ये शंभर कॅलेंडरं लटकली, की फेरफार लपवणं जवळपास अशक्य.

दुसरी बाजूही ऐका

सगळेच बदल चोरी नसतात. फोनची बॅटरी संपते, जीपीएस ऑफिसच्या ऐवजी शेजारचं हॉटेल दाखवतं, नाइट शिफ्टमध्ये १२ नंतर तारीख बदलते आणि आउट पंच भलत्याच दिवसाला चिकटतो. अशा वेळी कोणीतरी दुरुस्ती करायलाच हवी. एचआरवाल्यांचा महिनाअखेरीचा बराचसा वेळ यातच जातो. बदल बंद करणं हा उपाय नाही, बदल उघड असणं हा आहे.

आणि ट्रेल दोन्हीकडून कापते. फेक जीपीएस लावून घरून पंच मारणारे, मित्राला ‘माझा पण मार’ सांगणारे यांचीही नोंद त्यात येते.

अजून एक धोका. ‘ऑडिट ट्रेल हवी’ याचा अर्थ ‘माझ्यावर दिवसभर नजर ठेवा’ असा होत नाही. दर पाच मिनिटांचं लोकेशन, दर दहा मिनिटांचा स्क्रीनशॉट ही कर्मचाऱ्याची पाळत झाली. ट्रेल ही नोंदीवरची पाळत आहे. पंचला कोणी हात लावला ते सांगा एवढीच मागणी आहे. एखादी कंपनी पहिलीला होकार आणि दुसरीला नकार देत असेल, तर काय समजायचं ते समजा.

आजपासून काय कराल?

१. पंच मारल्यावर ‘यशस्वी’ दाखवणाऱ्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. जमत नसेल तर कॅलेंडरवर किंवा डायरीत इन-आउट लिहा. रोज, त्याच दिवशी. महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलेल्या नोंदीला फारसं वजन नसतं.

२. पगार निघायच्या आधी हजेरीचा महिन्याचा तक्ता डाउनलोड करा. पगार झाल्यावर पुन्हा एकदा डाउनलोड करा. दोन्हींत फरक आहे का बघा.

३. दुरुस्ती हवी असेल तर तोंडी सांगू नका. ॲपमधूनच विनंती टाका, नाहीतर ईमेल करा. ‘साहेब म्हणाले करतो’ याची ट्रेल नसते.

४. फरक सापडला तर आरोप नको, प्रश्न विचारा: “१२ तारखेचा आउट पंच कोणी, कधी आणि कोणत्या कारणाने बदलला, ते लेखी कळवाल का?” या एका वाक्याचा परिणाम चांगला होतो.

५. स्क्रीनशॉट क्रॉप करू नका, त्यावर लाल गोल काढू नका. मूळ फाइल तशीच ठेवा, खुणा करायच्या तर कॉपीवर करा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश नोंदवावा लागतो. फाइल बदलली की हॅश बदलला.

६. नोंदी किमान ३ वर्षं जपा. नोकरी सोडताना ऑफिसचा ईमेल बंद होतो, म्हणून स्वतःच्या पगाराच्या स्लिप आणि हजेरीचे तक्ते आधीच घेऊन ठेवा. फक्त स्वतःचे. कंपनीचा किंवा इतरांचा डेटा उचलू नका, ते तुमच्यावरच उलटेल.

७. आणि तुम्ही स्वतः असं सॉफ्टवेअर बनवत असाल, तर कर्मचाऱ्याच्या स्क्रीनवर ‘बदलांचा इतिहास’ हे एक बटण द्या. लॉग डेटाबेसमध्ये असतोच बहुतेक वेळा. तो ज्याचा आहे त्याला दिसत नाही, एवढाच प्रश्न असतो.

त्या कॉल सेंटरमध्ये माझ्या प्रकरणानंतर ‘ॲडमिन’ लॉगिन बंद झाला आणि चौघांना चार वेगळे लॉगिन मिळाले. त्याला एक रुपयाही खर्च आला नाही. अर्ध्या तासाचं काम होतं. ते आधी केलं असतं, तर त्या टीम लीडकडे आज मी डोळे वर करून बघू शकलो असतो.